गुरुवार, दोन ते चार

चालण्याची चाचणी घ्यायला
तीस मीटर सरळ जागा लागते.
आमच्या दवाखान्याचा व्हरांडा अकरा मीटर,
त्यातले दोन लसीच्या रांगेतल्या आयांचे.
म्हणून मी बाहेर दोरी बांधते,
पाण्याच्या टाकीपासून घोडे बांधायच्या खांबापर्यंत,
आणि म्हणते, चला, सहा मिनिटं.
डोंगरवाऱ्यात अंगावरची ब्लँकेटं सावरत
माणसं चालतात.
घोडे बघतात.

अख्ख्या जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट मी एकटी.
मोडलेले हात, कापलेले पाय,
मान न धरणारी बाळं, सगळी माझीच.
हृदयाच्या माणसांना गुरुवार, दोन ते चार.
देणगीत आलेली एक ट्रेडमिल आहे,
तिचा प्लग दुसऱ्याच कुठल्या देशाचा.
तिच्यावर चादरी छान वाळतात.

न्ताते लेबुसा तीन गुरुवार आले.
लोकर कातरताना छातीत कळ आली होती त्यांच्या,
डॉक्टरपर्यंत पोचायला चौदा तास,
त्यातले पाच घोड्यावर.
तरीही वाचले.
तरुणपणी सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत
जमिनीखाली वीस वर्षं काढलेला माणूस;
दोरीच्या कडेनं चालताना
पायाखाली काही पोकळ आहे का
ते चाचपत चालायचे.

चौथ्या गुरुवारी आले नाहीत. पाचव्याही.
फॉर्मवर कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय:
बरा झाला. वारला. इच्छा नाही.
मी पेन धरून बसून राहिले.

लसीची जीप वर निघाली तेव्हा तिच्यात चढले,
रस्ता संपला तिथून पायी.
न्ताते लेबुसा गादीवर पडून होते,
खोगीर भिंतीला, आणि त्यावर धूळ.
फुटलेलं गाडगं हलवू नये,
शेजारी सांगून गेले होते.
आणि भाडं, बाई, ते म्हणाले,
तीन गुरुवारांत एक कोकरू गेलं.
तुमचे आठवडे बारा.
माझ्याकडे आता चारच उरलीत.
मी मनातल्या मनात भागाकार केला
आणि गप्प बसले.

एवढ्यात मे मालिकेलेली आल्या,
डोक्यावर बादली, झऱ्यावरून, अख्खा चढ चढून.
दाराशी टेकल्या. बराच वेळ बोलता येईना.
त्यांना कुणी गुरुवार दिला नव्हता.

आमच्या सेसोथोत धीराच्या माणसाला
लांब काळजाचा म्हणतात.
मी न्तातेंना विचारलं, बैलांची स्तुती येते का हो?
हसले, पहिल्यांदाच.
गुराखी होतो मी, म्हणाले, न येऊन कसं चालेल?
मग उठा. चालायचं, आणि म्हणायचं.
शब्द तुटला, की थांबायचं.
पुन्हा जुळला, की पुढं.
यंत्र नाही, तार नाही, भाडं नाही.

त्या दिवशी कोरफडीच्या कुंपणापर्यंत गेलो.
कबऱ्या बैलाचे खूर झाले,
गुडघे झाले,
वशिंडाशी आवाज अडकला.
दगडावर बसलो दोघं.
त्यांच्या मनगटावर माझी बोटं,
आणि बोटांखाली तो बैल
अजून धावत होता.

आता नातीचा मेसेज येतो, टेकडीवर रेंज मिळाली की.
आजोबा आज मानेपर्यंत.
आजोबा आज डाव्या शिंगापर्यंत, मध्ये एकदाच थांबले.
मी तिन्ही पर्याय खोडले
आणि समासात लिहिलं: डावं शिंग.
वरच्या ऑफिसातून फोन आला,
हा कोणता कोड?

इतर अकरा जणांच्या गावांकडे जीप जात नाही.
त्यांच्या रकान्यात मी काय लिहिलं
ते इथं सांगत नाही.

काल नातीला विचारलं,
पाणी कोण आणतं गं हल्ली?
एक टिक दिसते आहे.
दुसरी अजून आलेली नाही.